बर्फावरची बैठक

"ज्या घराण्याने अरबी समुद्र पाहिला आहे, त्या घराण्याला तुमच्या तळ्यातल्या माशाचं काय कौतुक!"

हे वाक्य गुरुनाथ परुळेकरांनी मुलीच्या साखरपुड्याच्या जेवणात उभं राहून, हातातला चमचा छताकडे रोखून उच्चारलं. तसं पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. परुळेकर घराण्याने अरबी समुद्र पाहिला होता. पाहिलाच होता. वेंगुर्ल्याच्या घराच्या पडवीतून तो दिसायचा, आणि पडवीतून दिसतो तेवढा समुद्र माणसाला पुरे, असं घराण्याचं मत होतं. मासे पकडण्याचा गुरुनाथरावांचा अनुभव म्हणजे टोपलीतला बांगडा उचलायचा, त्याचे कल्ले उघडून बघायचे आणि "काल धरलेला दिसतो" असं म्हणून परत ठेवायचा. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आल्यापासून तेही सुटलं होतं. इथे मासा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मिळतो आणि त्याला कल्लेच नसतात.

टेबलाच्या पलीकडे होणारे व्याही बसले होते. वेन लेहटो. राहणार मिशिगनच्या वरच्या टोकाला, मोठा पूल ओलांडून आणखी दोन तास, जिथे माणसांपेक्षा हरणं जास्त आणि हरणांपेक्षा बर्फ जास्त. वेन जे बोलतो ते इथे मराठीतच दिलं आहे. तो मुळात इतकं कमी बोलतो, की भाषांतर करणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

"या," वेन म्हणाला. हे त्याचं 'हो'. मग आइस्क्रीम संपेपर्यंत गप्प राहून म्हणाला, "फेब्रुवारीत ये मग. बर्बट धरू."

शेजारी बसलेल्या केयाने डोळे मिटून घेतले. केया म्हणजे गुरुनाथरावांची एकुलती एक मुलगी. ॲन आर्बरला बसच्या वेळापत्रकांवर काहीतरी संशोधन करते. नक्की काय, ते वडिलांना अनेकदा समजावून झालं आहे. "बाबा," ती हळूच म्हणाली, "यू डोन्ट इव्हन लाइक गोइंग टु द मेलबॉक्स इन विंटर."

पण शब्द गेला होता.

घरी आल्यावर गुरुनाथरावांनी बर्बट म्हणजे काय ते फोनवर शोधलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वाम आणि बेडूक यांचं लग्न पत्रिका न बघता लावलं, तर जे अपत्य होईल, तसा तो मासा होता. हनुवटीला एकच मिशी, पोट सुटलेलं, अंगावर चिकट बुळबुळीत लेप. गोड्या पाण्यात तळाशी राहतो, इतर मासे थंडीने गप्प बसतात तेव्हा याला उत्साह येतो, आणि अंधार पडायला लागला की जेवायला निघतो. मोठा असेल तर हाताला शेपटीने विळखा घालतो. तिकडचे काही लोक त्याला 'वकील' म्हणतात, असंही लिहिलं होतं. का म्हणतात ते लिहिलं नव्हतं. विळख्याचं वाचल्यावर गुरुनाथरावांना विचारावंसंही वाटलं नाही.

हे सगळं टाळता आलं असतं. थंडीचा ताप, पाठीची उसण, अमेरिकेत निमित्तांना तोटा नाही. पण मध्ये लग्न आडवं आलं.

लग्न कुठे करायचं, हा प्रश्न होता. टायलर, म्हणजे केयाचा नवरामुलगा, गरीब गाय. त्याला कुठेही चाललं असतं. पण वेनने एकदाच, एकाच वाक्यात सांगितलं होतं: "लग्न माझ्या बार्नमध्ये." आणि वेन एकदा बोलला की त्यावर चर्चा कशी करायची, हे त्याच्या स्वतःच्या बायकोलाही अजून कळलेलं नव्हतं.

"बार्न म्हणजे गोठा," गुरुनाथरावांच्या पत्नी नीलाताई म्हणाल्या. "शब्द काही का असेना. माझ्या मुलीच्या अंतरपाटामागून म्हैस डोकावलेली मला चालणार नाही."

"म्हशी नाहीत गं तिथे आता. ट्रॅक्टर असतो."

"मग ट्रॅक्टर डोकावेल. लग्न मुलीच्या दारी होतं. नोव्हायला. मी मंडळात सगळ्यांना सांगून बसले आहे."

सांगून गुरुनाथरावही बसले होते. हॉलसुद्धा ठरवून बसले होते. आता व्याही "नाही" म्हणाले, तर नोव्हायच्या मराठी मंडळात पुढची दहा वर्षं मान खाली घालून वांगीभात खावा लागला असता. म्हणजे सगळं वेनच्या एका 'या'वर अडलेलं होतं, आणि तो 'या' बर्फाखाली होता.

"हीच आपली बैठक समजा," नीलाताईंनी ठरवून टाकलं. "लग्नाच्या बैठकीला व्याह्यांकडे जायचं, त्यांचा मान ठेवायचा, खूश करायचं आणि मग हळूच विषय काढायचा. मी शाल देते. श्रीफळ देते. आणि अहो, एक लक्षात ठेवा. आपण मुलीकडचे. मासा त्यांचा मोठा निघाला पाहिजे. तुम्ही शक्यतो पकडूच नका. पकडलातच तर लहान."

गुरुनाथरावांना हे लागलं. अरबी समुद्राचं वाक्य अजून मंडळात ताजं होतं. पण नीलाताईंच्या म्हणण्यात शास्त्र होतं. मुलीच्या बापाने व्याह्यांपेक्षा मोठा मासा काढल्याचं उदाहरण त्यांना दोन्ही घराण्यांत आठवेना.

आता तयारी. नोव्हायमध्ये एखादा मराठी माणूस काही करणार म्हटलं, की त्याला करता येऊ नये इतका सल्ला मिळतो. मंडळाच्या कमलाताईंनी छातीला ओवा बांधून जायला सांगितलं. अर्विंगच्या राकेशने, म्हणजे नीलाताईंच्या धाकट्या भावाने, फोनवर एक तास बर्फावरच्या मासेमारीची सूत्रं समजावली. टेक्सासमध्ये बर्फ फक्त ग्लासात असतो, पण राकेशने व्हिडिओ पाहिले होते. "भाऊजी, मेन गोष्ट म्हणजे कॉन्फिडन्स. बर्फाला कळतं यार, समोरचा घाबरलाय ते."

आणि शेजारच्या ईश्वर गजभियेने बर्फाची जाडी, माणसाचं वजन आणि सुरक्षिततेचा गुणांक घालून एक एक्सेल शीटच बनवलं. ईश्वर नागपूरचा, गिअरबॉक्सचा इंजिनियर. माणूस हुशार आणि खरा मित्र. शीटच्या शेवटच्या चौकोनात लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'जाऊ नये.'

"पण भाऊ, जाणार असाल तर मी येतो," ईश्वर म्हणाला. "बैठकीले मध्यस्थ लागतेच. आन् तुम्ही बुडालात तर वहिनीले सांगाले कोणतरी पाहिजे."

मग परवाना. मिशिगनमध्ये तळ्यात गळ टाकायचा तर सरकारी परवाना लागतो, आणि तो शिकारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. काउंटरवरच्या तरुणीने उंची विचारली, डोळ्यांचा रंग विचारला, वजन विचारलं. गुरुनाथरावांनी वजन सांगितलं. मागून नीलाताई म्हणाल्या, "ते लग्नाच्या वेळचं." तरुणीने नवा आकडा घातला. मग तिने विचारलं, गेल्या वर्षी किती बदकं मारली? गुरुनाथराव म्हणाले, एकही नाही. हंस? नाही. बरं, पाणलावे? गुरुनाथरावांना आपल्यावर खटला चालू आहे असं वाटायला लागलं. त्यांनी आवाज चढवून सांगितलं की आमच्या घराण्यात कोणीही कधीही लावा मारलेला नाही. रांगेतले सगळे शिकारी त्यांच्याकडे कीव आल्यासारखे बघू लागले.

"आणि हे जगन्नाथ कोण?" तरुणीने ओळखपत्राकडे बघत विचारलं. "त्यांचा परवाना वेगळा काढावा लागेल."

"ते माझे वडील. आमच्यात मधलं नाव वडिलांचं असतं."

"तेही येणारेत?"

"ते वारले."

"ओह, आय ॲम सो सॉरी," तरुणी मनापासून म्हणाली, आणि थोडा विचार करून पुढे म्हणाली, "मग त्यांना नाही लागणार."

शेवटी परवाना छापून आला. त्यावर नाव गुरुनाथ जगन्नाथ परुळे एवढंच होतं. 'कर' मावला नव्हता. आयुष्यभर कर भरणाऱ्या माणसाला सरकारने निदान एवढी सूट दिली, असं म्हणून गुरुनाथरावांनी तो खिशात घातला.

फेब्रुवारीच्या एका शनिवारी दोघे निघाले. निघताना केयाचा फोन आला. "बाबा, प्लीज. जस्ट बी नॉर्मल. ही इज शाय. डोन्ट मेक इट अ थिंग."

"छे गं. थिंग कशाला करू?" गुरुनाथराव म्हणाले. त्यांच्या मांडीवर पिशवीत शाल आणि नारळ होता.

दुपार कलता कलता ते वेनच्या दारात पोचले. वेनने हात हलवला, दोघांना आपल्या पिकअपमध्ये घातलं आणि गाडी सरळ तळ्यात नेली. म्हणजे तळ्यावर. पण ईश्वरच्या दृष्टीने त्यात काही फरक नव्हता.

"भाऊ, हा गाडी पाण्यावर चालवून राहिला."

"बर्फ आहे तो, ईश्वर."

"बर्फ म्हणजे काय असते? पाणीच न. शीटमध्ये मी माणसं धरली होती. पिकअप धरला नव्हता."

तळ्याच्या मध्यावर वेनचा तंबू होता. आत एक गॅसचा हीटर, तीन उलट्या बादल्या बसायला, आणि एका डब्यात आमिषासाठी बोटाएवढे जिवंत मासे. गुरुनाथरावांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला की हे सगळे रवा लावून कुरकुरीत तळले, तर पुढचं काही करायची गरजच नाही. वेनने मोटारीचं गिरमिट घेऊन बर्फाला दोन भोकं पाडली, हात दीड हात अंतरावर. एक स्वतःला, एक पाहुण्याला. भोकात तरंगणारा बर्फाचा चुरा त्याने झाऱ्याने काढला. गुरुनाथरावांना जरा बरं वाटलं. निदान झारा ओळखीचा होता. असा झारा घेऊन नीलाताई दिवाळीत अनारसे काढायच्या.

गळ खाली गेले. वेन बादलीवर बसला. आणि गप्प झाला.

इथे गुरुनाथरावांची खरी अडचण सुरू झाली. लग्नाच्या बैठकीची एक पद्धत असते. आधी प्रवास कसा झाला, मग हवा, मग दोन्हीकडचे नातेवाईक कोण कुठे असतात, त्यातला एखादा ओळखीचा निघतो, मग चहा, मग पोहे, मग त्याच नातेवाइकाबद्दल थोडं वाईट, आणि एवढं सगळं झाल्यावर कोणीतरी घसा साफ करतो आणि म्हणतो, "बरं, मग कसं करायचं?" बोलणाऱ्यांची एक घसरगुंडी असते, तिच्यावरून विषय आपोआप खाली येतो. पण वेनकडे घसरगुंडीच नव्हती.

"प्रवास छान झाला," गुरुनाथराव म्हणाले.

"या."

दहा मिनिटं गेली.

"हवा थंड आहे."

वेनने हवेचा विचार केला. "नाही," तो म्हणाला.

"भाऊ," ईश्वर मराठीत पुटपुटला, "या वेगाने पोह्यांपर्यंत पोचाले एप्रिल येईल. तोवर खालचं वितळेल. शाल काढा."

गुरुनाथरावांनी शाल काढली. नीलाताईंनी कपाटात जपून ठेवलेली, काश्मिरी, बदामी रंगाची. त्या एवढ्याशा तंबूत वाकत वाकत जाऊन त्यांनी ती वेनच्या खांद्यांवर घातली आणि दोन्ही हातांनी नारळ पुढे केला. वेनने शाल चाचपली. "उबदार आहे," तो म्हणाला. मग नारळ हातात घेऊन फिरवून बघितला, कानाशी हलवून बघितला. त्याच्या एकूण आयुष्यात नारळाचं काय करतात हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याने तो आदराने बर्फावर ठेवला.

बर्फ सपाट असतो हा एक गैरसमज आहे. नारळ आधी हळू आणि मग ठाम निर्धाराने गुरुनाथरावांच्या भोकाकडे निघाला आणि टुपकन आत पडला.

तिघेही वाकले. नारळ पाण्यात तरंगत होता, तीन डोळ्यांनी वर बघत. गुरुनाथरावांनी हातमोजा काढून तो धरायला हात घातला. त्या थंडीत बोटं आपली आहेत की दुसऱ्याची हे कळेना. नारळ निसटला, खाली गेला आणि बर्फाच्या पोटाखाली कुठेतरी सरकून दिसेनासा झाला.

"गेला," वेन म्हणाला.

"अपशकुन म्हणायचा का हा?" गुरुनाथरावांनी घाबरून ईश्वरला विचारलं.

"मले नका विचारू. मी शकुन मानत नाही," ईश्वर म्हणाला. "पण वहिनीले सांगू नका."

बाहेर अंधारून आलं. वेनने दिवा लावला. आता विषय काढायचाच, असं ठरवून गुरुनाथरावांनी घसा साफ केला. "बरं, मग..." ते म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांच्या हातातली छोटी काठी पाण्याकडे वाकली.

नुसती वाकली नाही. तिने मुजरा केला.

कोणत्याही मासेमाराच्या छातीत अशा वेळी आनंदाची लाट उसळते म्हणतात. गुरुनाथरावांच्या छातीत ओवा होता आणि त्याखाली भीती होती. काठीचा बाक पाहता खाली जे काही होतं ते लहान नव्हतं. ते अजिबात लहान नव्हतं. नीलाताईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्यांनी काठी स्थिर धरली, समोर बघत राहिले आणि ओठ न हलवता म्हणाले, "जा रे बाबा. तिकडे जा. शेजारच्या भोकात."

"लागलाय तुला," वेन म्हणाला.

"छे छे. वारा आहे."

"तंबूत?"

काठी आणखी वाकली. गुरुनाथराव उठले आणि देवाला नैवेद्य दाखवावा तशी काठी दोन्ही हातांनी वेनपुढे धरली. "तुम्ही घ्या."

वेन मागे सरकला. त्याने दोन्ही हात खिशात घातले. दुसऱ्याच्या गळाला लागलेला मासा ओढणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं, अशी त्या भागातली रीत होती. "तुझा मासा," तो म्हणाला.

"काठी तुमची, तळं तुमचं. तेव्हा मासाही तुमचाच."

"भोक तुझं."

"भोक तुम्ही पाडलंत!"

"तुझ्यासाठी."

"अहो, असं कसं? तुम्ही मोठे."

"मी एकोणसत्तर."

"वयाने नाही हो, मानाने!"

पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसा हा आग्रह चालला. फरक एवढाच, की जिलबी खाली पोहत नसते. माशाने वरची सभ्यता किती लांबेल याचा अंदाज घेतला असावा. तो तळाशी एक चक्कर मारून आला. तेवढ्यात वेनची काठीही वाकली.

"तुम्हालाही लागला!" गुरुनाथराव आनंदाने ओरडले. वेनची काठी जास्त वाकली होती. म्हणजे वेनचा मासा मोठा होता. म्हणजे सगळं शास्त्रात बसत होतं. त्यांनी मोकळ्या मनाने रीळ फिरवायला सुरुवात केली. वेननेही फिरवली. वेनने ओढलं की गुरुनाथराव भोकाकडे झुकत. गुरुनाथरावांनी जोर केला की वेन बादलीवरून उठे. दोघेही घामाघूम झाले. एवढा दमदार मासा आपण कधी पाहिला नाही, असं वेन स्वतःहून, न विचारता म्हणाला. गुरुनाथरावांनाही तेच म्हणायचं होतं, पण दम नव्हता.

ईश्वर बराच वेळ एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे बघत होता. गिअरबॉक्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला शक्ती कुठून कुठे जाते ते कळतं.

"भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "मासा एकच आहे. त्याने दोऱ्यांचा गुंता केला. आता तुम्ही दोघं व्याही एकमेकाले पकडून राहिले."

वेनला हे इंग्रजीत सांगितल्यावर त्याने थोडा विचार केला, खिशातून चाकू काढला आणि आपला दोर कापून टाकला. एका सेकंदात.

व्याह्यांनी स्वतःचा दोर कापला! मुलीच्या बापासाठी! आता याच्यापुढे कसला बार्न आणि कसलं नोव्हाय? हा माणूस मानपानात त्यांच्या कितीतरी पुढे निघून गेला होता, आणि त्याला मानपान म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. चिडचिड व्हावी अशीच ही गोष्ट होती, आणि गुरुनाथरावांची झाली.

"ओढ," वेन म्हणाला. "ढिला सोडू नकोस. ढिला सोडला की गेला."

त्यांनी ओढलं. काळ्या पाण्यात काहीतरी पांढुरकं वर आलं. मग भोकाच्या तोंडाशी अडकलं. पुढे येईना, मागे जाईना.

"डोकं आडवं असेल," वेन गुडघ्यांवर हात टेकून वाकला. मग त्याच्या आवाजात प्रथमच आश्चर्य उमटलं. "नारळ आहे."

बर्फाच्या पोटाखाली दडलेला नारळ नेमका मुहूर्त साधून परतला होता आणि बाटलीला बूच बसावं तसा भोकात बसला होता. त्याच्या खाली माशाचं डोकं होतं. वेनने झाऱ्याने नारळ दाबला. तो खाली जाऊन पुन्हा वर आला. वेनने पुन्हा दाबला. त्या नारळाला जेवढी चिकाटी होती तेवढी नोव्हायच्या मंडळातल्या एकाही कमिटी मेंबरला नाही.

"सरका," असं म्हणून ईश्वर बर्फावर पालथा पडला. गणितात 'जाऊ नये' असं उत्तर आलेला माणूस खांद्यापर्यंत हात भोकात घालून बसला, यालाच मैत्री म्हणतात. त्याने नारळ चापटीने बाजूला केला, आत चाचपडला आणि अचानक किंचाळला.

"भाऊ, यानं मले धरलं!"

"तू त्याला धर!"

"मी त्याले धरून काय करू, तो मले धरून राहिला! हाताले गुंडाळला! अंगाले तेल लावून आल्यासारखा आहे! सोड बे! सोड!"

"पकड सोडू नकोस," वेन म्हणाला.

"मी पकडलंच नाही, सर!"

वेनने मग एकच गोष्ट केली. खांद्यावरची काश्मिरी शाल ओढली, ती ईश्वरच्या हातावरून, माशावरून भोकात कोंबली, घट्ट आवळली आणि तिघांनी मिळून ओढलं. आधी ईश्वर आला. मग शाल आली. शालीत गुंडाळलेला, ईश्वरच्या कोपरापर्यंत विळखा घातलेला मासा आला. आणि त्याच्या मागोमाग, सोबत आलेला पाहुणा यावा तसा, नारळ गडगडत बाहेर आला.

हीटरच्या उजेडात बदामी शालीवर ते धूड पडलं होतं. ठिपकेदार, मिशीवालं, लहान मुलाएवढं लांब. शेजारी नारळ. नीलाताईंनी एवढ्या मायेने पाठवलेली शाल आणि श्रीफळ शेवटी योग्य त्या मानकऱ्याला पोचलं होतं.

वेनने डोक्यावरची टोपी काढली. "माझ्या बापाने काढला नाही एवढा," तो म्हणाला. "मीही नाही."

फोटो काढायचा ठरला. गुरुनाथराव म्हणाले, तुम्ही धरा. वेन म्हणाला, तू धर. तेवढ्यात मासा दोघांच्याही हातून सुटून पुन्हा ईश्वरच्या मांडीवर गेला, आणि वेनने वैतागून बटण दाबलं. फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. पाच मिनिटांत उत्तरं आली. 'अभिनंदन ईश्वर!' 'ईश्वरदादा रॉक्स!' कमलाताईंनी लिहिलं, 'गजभिये, शाब्बास. मागे जे परुळेकर दिसतायत त्यांना बरं नाही का?' राकेशने टेक्सासहून विचारलं, 'भाऊजी, कॉन्फिडन्स कमी पडला का?'

गुरुनाथरावांनी फोन बंद केला. झालं ते पुरे झालं. शाल गेली. घराण्याची अब्रू नागपूरला गेली. मासा व्याह्यांपेक्षा मोठा निघाला, आणि पकडणाऱ्यात नावही लागलं नाही. दोन्ही बाजूंनी तोटा एकाच माशात करून दाखवणं हे सोपं काम नाही. आता उरलेलं एकच वाक्य तेवढं बोलून टाकावं, अशा निकराला ते आले. घसरगुंडी नाही तर नाही. उडी मारावी.

"वेन," ते म्हणाले, आणि मधले सगळे पोहे गिळून थेट बोलले. "लग्न नोव्हायला करायचं आहे. आमच्यात लग्न मुलीच्या गावी होतं. हॉल ठरवलेला आहे. मी आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तुमचा मान राहिला नाही असं वाटत असेल तर तसं सांगा. पण माझ्या बायकोने सगळ्यांना सांगितलं आहे, आणि मला त्याच घरात राहायचं आहे."

वेन माशाकडे बघत होता. हीटर फुरफुरत होता. दूर कुठेतरी बर्फ कडाडला आणि ईश्वरने नुसतेच पाय वर घेतले.

"चालेल," वेन म्हणाला.

"चालेल?"

"या. नोव्हाय चालेल."

गुरुनाथरावांना वाटलं, आपण पुरतं ऐकलं नाही. महिनाभर झोप उडाली होती. नीलाताईंनी तीनदा अबोला धरला होता. "पण मग बार्न? तुम्हीच तर म्हणालात, लग्न बार्नमध्येच."

वेन लाल झाला. थंडीने आधीच लाल होता, त्यावर आणखी एक थर चढला. त्याने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. त्यानंतर तो जे बोलला, ते त्याचं त्या दिवसातलं सगळ्यात लांब भाषण होतं.

"टायलरने तुमच्याकडच्या लग्नांचे व्हिडिओ दाखवले. सगळे खाली बसतात. विधीला खाली. जेवायला खाली. मी दोन्ही गुडघे बदलून घेतलेत. खाली बसलो तर उठता येत नाही. सगळ्यांसमोर टायलरला उचलावं लागेल." तो थांबला. "बार्नमध्ये बाकं आहेत."

मासासुद्धा हलला नाही.

"मी हे विचारायलाच तुला इकडे बोलावलं होतं," वेन भोकाकडे बघत म्हणाला. "पण तू सारखा बोलत होतास." मग त्याने घसा साफ केला, अगदी बैठकीत करतात तसा, आणि दबक्या आवाजात विचारलं, "नोव्हायला मला एक खुर्ची मिळेल का? पाठ टेकायला नसली तरी चालेल."